पेट्रोलचं अवलंबन आणि गाडीला पर्याय: पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलचे दर, इथेनॉल, मेट्रो, ई-स्कूटर यांवर गप्पा सुरू झाल्या की तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत. हिशेबात पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि पीएमपीएमएलचे, म्हणजे पुणे-पिंपरी चिंचवडच्या शहर बससेवेचे, जून २०२५ पासूनचे दर धरले आहेत. तुमचे आकडे वेगळे असतील तर ते घालून पुन्हा गणित मांडा, पद्धत तीच राहते.

भारत तेल आयात करतो हे ठाऊक आहे. पण माझ्या स्कूटरने त्यात असा काय फरक पडतो?

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येतं. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगने मुंबईजवळच्या समुद्रात मुंबई हायला तेल शोधलं आणि त्याने बरीच वर्षं हात दिला. पण ते तेलक्षेत्र आता म्हातारं झालं आहे. देशांतर्गत उत्पादन वर्षाला ३ कोटी टनांच्या खाली आलंय आणि पेट्रोलियम पदार्थांचा खप २३ कोटी टनांच्या वर गेलाय. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांची क्षमता ५३.३ लाख टन आहे, म्हणजे देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांचे साठे वेगळे असतात, तरी आखाती तेलाची जहाजं जिथून निघतात त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत काही बिनसलं की दिल्लीत धावपळ का होते ते यावरून कळावं.

आता स्कूटर. २०१४ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन कक्षाने नीलसनकडून करून घेतलेल्या पाहणीत देशातलं ६१ टक्के पेट्रोल दुचाकी पितात असं निघालं. मोटारींचा वाटा ३४ टक्के होता. म्हणजे पेट्रोल वाचवायचं म्हटलं तर बोट श्रीमंताच्या एसयूव्हीकडे दाखवून भागत नाही. डिझेलचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल.

कच्चं तेल स्वस्त झालं तरी पंपावरचा दर का उतरत नाही?

कारण पंपावरच्या दरात कच्चं तेल हा फक्त एक भाग असतो. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. बॅरल ७० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला तर लिटरमागे कच्चं तेल साधारण ३७ रुपयांना पडतं. त्यावर शुद्धीकरण, वाहतूक, पंपचालकाचं कमिशन, केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट चढतो. महाराष्ट्रात व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरला ५.१२ रुपये. टक्क्यांचा भाग दराबरोबर आपोआप फुगतो. पेट्रोल जीएसटीत नाही, आणि आणण्याची घाई कोणत्याच सरकारला नाही, कारण केंद्र आणि राज्य दोघांच्याही तिजोरीचा हा खात्रीचा गल्ला आहे.

कर कसा हलतो ते २०२० मध्ये स्पष्ट दिसलं. त्या एप्रिलमध्ये कच्चं तेल बॅरलला २० डॉलरच्या खाली गेलं होतं. मार्च आणि मे अशा दोन खेपांत पेट्रोलवरचं केंद्रीय शुल्क १९.९८ वरून ३२.९८ रुपयांवर नेण्यात आलं. स्वस्ताई आली ती ग्राहकाच्या खिशात न जाता वाटेतच थांबली. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क उतरवलं. दर रोज बदलण्याची पद्धत जून २०१७ पासून आहे, पण मे २०२२ नंतर मार्च २०२४ पर्यंत दर जवळपास गोठलेलेच होते. ‘बाजारभाव’ हा शब्द इथे जपूनच वापरावा.

दरवाढीवरचं राजकारण मात्र जुनं आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. पक्ष बदलतात, मुद्दा बदलत नाही.

२० टक्के इथेनॉल मिसळल्यावर आयात २० टक्क्यांनी कमी होते ना?

नाही. देशाच्या एकूण पेट्रोलियम वापरात पेट्रोलचा वाटा साधारण सहावा हिस्सा आहे. त्याच्या पाचव्या भागात इथेनॉल, म्हणजे एकूण खपाचा तिसावा भाग. त्यातही लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे खरी बचत दोन टक्क्यांच्या आसपास येते. तीही उपयोगाची आहे, नाही असं नाही. पण ‘तेलातून सुटका’ ही जाहिरात त्यावर बसत नाही.

शिवाय ते येतं कशातून? ऊस, फुटका तांदूळ, मका. पाऊस कमी झाला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं आणि ज्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या (इथेनॉल गाळणारे प्रकल्प) उभ्या केल्या होत्या त्यांची पंचाईत झाली. नंतर बंधन उठलं. मग मक्याला मागणी चढली आणि कोंबड्यांचं खाद्य महागल्याची ओरड पोल्ट्रीवाल्यांकडून आली. मराठवाड्यात ज्या भागात टँकर फिरतात तिथे उसावर गाडी चालवायची का, हा प्रश्न इंधनाचा कमी आणि पाण्याचा जास्त आहे.

माझी गाडी २०१५ ची आहे. ई-२० ने, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने, काय बिघडेल?

इंजिन फुटत नाही. पण तीन गोष्टी होतात.

पहिली, ॲव्हरेज उतरतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच जुन्या बांधणीच्या चारचाकींसाठी ६-७ टक्के आणि दुचाकींसाठी ३-४ टक्के घट धरली आहे. ४५ देणारी स्कूटर ४३ वर आली तर मेकॅनिकला दोष देऊ नका.

दुसरी, रबर. जुन्या गाड्यांतली पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरच्या ओ-रिंगा आणि पंपाची सीलं इथेनॉलने फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. नळीच्या टोकाशी ओल किंवा पेट्रोलचा वास आला तर क्लिप आवळत बसू नका, नळीच बदला. नवी घेताना ई-२० ला चालणारी मागा. एप्रिल २०२३ पासून विकल्या गेलेल्या गाड्यांत हे भाग बदललेले असतात.

तिसरी, पाणी. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. अर्धी टाकी घेऊन गाडी पावसाळ्यात दीड-दोन महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळाचंच ओढतं. मग गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. गाडी उभी ठेवायची तर टाकी काठोकाठ भरा, आणि कार्ब्युरेटर असेल तर खालचा स्क्रू ढिला करून त्याची वाटी रिकामी करा.

खरं ॲव्हरेज कसं काढायचं? मीटर वेगळंच सांगतो.

टाकी फुल करा आणि नोझल आपोआप कट झाल्यावर थांबा. ‘राउंड फिगर’साठी वर ओतू देऊ नका. ओडोमीटर लिहून ठेवा. २०० किलोमीटर तरी नेहमीसारखी चालवा. मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलवर, गाडी मेन स्टँडला लावून पुन्हा फुल करा. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. एका खेपेवर विश्वास ठेवू नका, तिनांची सरासरी घ्या. आकडा अचानक पडला असेल तर आधी टायरची हवा, मग एअर फिल्टर, मग ब्रेक घासतोय का ते पाहा. चाक उचलून हाताने फिरवलं की ते लगेच समजतं.

बसचा पास १५०० रुपये, माझं पेट्रोल ११०० चं. मग बसने का जाऊ?

हा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याला नाकं मुरडून उपयोग नाही. रोज २० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे ५०० किलोमीटर. ४५ च्या ॲव्हरेजने पेट्रोल ११५६ रुपयांचं. पीएमपीएमएलचा पुणे-पिंपरी चिंचवड हद्दीचा मासिक पास जून २०२५ मध्ये ९०० वरून १५०० झाला. पेट्रोलशीच तुलना केली तर स्कूटर जिंकते. ज्यांनी दर वाढवले त्यांनी हे गणित मांडलं होतं का, अशी शंका येते.

पण स्कूटर फक्त पेट्रोलवर चालत नाही. एक लाखाची स्कूटर आठ वर्षांनी ३० हजारांना गेली तर घसारा वर्षाला ८७५०. सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी मिळून चार हजार, विमा दीड-दोन हजार. वर्षाला ८००० किलोमीटर धरले तर हे सगळं किलोमीटरला १ रुपया ८० पैशांच्या आसपास जातं. पेट्रोलचे २ रुपये ३० पैसे मिळवले की चार रुपयांच्या वर. ५०० किलोमीटरचे दोन हजारांहून जास्त झाले.

मात्र एक मेख आहे. पास काढूनही स्कूटर दारात उभी राहणारच असेल तर घसारा आणि विमा सुटत नाही. त्यामुळे बसचा खरा फायदा होतो तो घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी घ्यायची टळते तेव्हा. आईबाबांची एकेक आणि मुलगी अठराची झाली म्हणून तिसरी, हा निर्णय पुढे ढकलला तर लाखभर रुपये वाचतात. पास मोजताना तिथे मोजा.

रस्त्यावरून रिकाम्या बस धावताना दिसतात. त्याने काय तेल वाचतं?

रिकामी बस काहीच वाचवत नाही, हे मान्य. बारा मीटरची डिझेल बस लिटरला साडेतीन किलोमीटर देते असं धरा. ४० माणसं असतील तर एका लिटरमध्ये १४० प्रवासी-किलोमीटर (माणसं गुणिले किलोमीटर). स्कूटरवर सरासरी सव्वा माणूस धरला तर ५५ च्या आसपास, आणि १३ च्या ॲव्हरेजची मोटार दीड माणसाला घेऊन २० च्या आत. बसमध्ये दहाच माणसं असतील तर तीही ३५ वर येते, म्हणजे स्कूटरहून वाईट. बरोबरी सोळा प्रवाशांना होते.

पुण्यातल्या बस आता मुख्यतः सीएनजी आणि विजेच्या आहेत, त्यामुळे हे गणित डिझेलपुरतं. सीएनजीही पूर्ण घरचा नाही, देशाच्या गॅसचा जवळपास निम्मा भाग जहाजाने द्रवरूपात येतो.

खरा प्रश्न बस रिकामी का, हा. दर २० मिनिटांनी बस असेल तर सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं, आणि एखादी रद्द झाली की अर्धा तास. एकदा पोळलेला माणूस दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन निघतो. केंद्राच्या शहरी वाहतूक मापदंडानुसार हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा अधिक बस असतील तर सेवा पहिल्या श्रेणीची. म्हणजे लाखाला ६०. पुणे-पिंपरी चिंचवडच्या ७० लाख माणसांना त्या हिशेबाने चार हजारांवर बस हव्यात. ताफा त्याच्या निम्म्याच्या आसपास रेंगाळतो. उड्डाणपुलाला पैसे मिळतात आणि बसला ‘तोटा’ म्हणतात. रस्त्याचा तोटा कोणी काढत नाही.

थांब्यावर उभं राहायचंच असेल तर ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपवर बस कुठे आहे ते पाहून घरातून निघा. ॲप चुकतं ते बहुधा आगारातून सुटणाऱ्या पहिल्या थांब्यांवर. मधल्या थांब्यांवर अंदाज बरा येतो.

बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, फसली. मग बसला वेगळी मार्गिका देण्यात काय अर्थ?

पुण्याने २००६ च्या डिसेंबरमध्ये देशात सगळ्यात आधी बीआरटी सुरू केली, आणि पहिला असण्याची किंमतही मोजली. मार्गिका रस्त्याच्या मधोमध, थांबाही मधोमध, पण तिथवर पोचायला सुरक्षित सिग्नल नाही. मार्गिका चौकाच्या अलीकडेच संपायची, म्हणजे जिथे कोंडी तिथेच बस इतर वाहनांत. आत दुचाकी घुसायच्या आणि एक बस बंद पडली की मागच्या सगळ्या अडकायच्या. २०१५ च्या रेनबो बीआरटीत संगमवाडी-विश्रांतवाडी आणि पिंपरी चिंचवडच्या मार्गांवर थांबे सुधारले, फरकही दिसला. नगर रस्त्यावर मात्र मेट्रोच्या कामात मार्गिका तुटली आणि पुढे काढूनच टाकली. अर्धवट बांधून ‘चालत नाही’ म्हणणं सोपं असतं. आमच्या मते मार्गिका चौकातून आरपार जाते का आणि आत शिरणाऱ्याला दंड होतो का, या दोनच गोष्टींवर तिचा निकाल लागतो.

मेट्रो आली, आता प्रश्न सुटला का?

मार्ग तुमच्या घराजवळून आणि कामाच्या जवळून जात असेल तर सुटला. ६ मार्च २०२२ ला तुकड्यांत सुरू झालेली मेट्रो सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटला पोचली. वनाज-रामवाडी आणि पिंपरी चिंचवड-स्वारगेट हे मार्ग जिल्हा न्यायालय स्थानकात भेटतात. अडचण शेवटच्या दीड किलोमीटरची आहे. स्थानकातून उतरल्यावर पदपथ नसेल आणि रिक्षावाला शंभर मागत असेल तर माणूस मेट्रो सोडतो. गोव्यात पायलट, म्हणजे मोटारसायकलवर भाड्याने नेणारे, कितीतरी वर्षांपासून कायदेशीर आहेत. आपल्याकडे त्यावर अजून वाद झडतात.

नवा उड्डाणपूल झाला की कोंडी सुटून पेट्रोल वाचेल ना?

थोडे दिवस. रस्ता मोकळा दिसला की जे बसने किंवा वेगळ्या वेळी जात होते ते गाडी काढतात आणि मोकळी जागा भरते. गणेशखिंड रस्त्यावरचे पूल तर २०२० मध्ये पाडावे लागले, मेट्रोच्या खांबांना आड येत होते म्हणून.

विजेची स्कूटर कोळशावरच चालते. मग उपयोग काय?

कोळसा आहे हे खरं, देशातली सुमारे ७० टक्क्यांवर वीज त्यातून येते. तरीही गणित असं: स्कूटरला १०० किलोमीटरला साधारण ३ युनिट, चार्जिंगमधली गळती धरून साडेतीन. युनिटमागे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर अडीच किलो. पेट्रोल स्कूटर तेवढ्याच अंतराला २.२ लिटर जाळते आणि लिटरला २.३ किलो सोडते, म्हणजे पाच किलो. निम्म्यावर येतं. खर्चात तफावत आणखी मोठी: युनिटला १२ रुपये पडले तरी ४२ रुपये, पेट्रोलचे २३०.

तेलाच्या जागी चीनवर अवलंबून राहणं आहे, हा आक्षेपही चुकीचा नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरला लागणाऱ्या दुर्मिळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली आणि इथल्या दुचाकी कारखान्यांना झळ बसली. फरक एवढाच की पुरवठा थांबला तर नवी गाडी मिळत नाही, दारातली चालू राहते. तेल थांबलं तर दारातलीही थांबते. कोंडीत मात्र ई-स्कूटरही तेवढीच जागा अडवते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार्जिंग कसं लावायचं?

स्वतःच्या मीटरवरून वायर खाली आणणं सगळ्यात निर्वेध, कारण सामायिक बिलावरून भांडण होत नाही. स्कूटरचा चार्जर ७५० वॉट ते १ किलोवॉटचा, त्याला २.५ चौ. मिमी तांब्याची वायर पुरते. अंतर ३० मीटरच्या वर गेलं तर ४ चौ. मिमी घ्या. १६ अँपिअरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). यातली शेवटची गोष्ट पैसे वाचवायला गाळली जाते आणि पावसात शॉक बसतो तो त्यामुळे.

बिघाड बहुतेक दोन ठिकाणी होतो. एक, अर्थिंग. चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो आणि लोक शोरूमला फोन करतात. आधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते पाच व्होल्टच्या वर असेल तर दोष इमारतीचा आहे. दोन, एक्स्टेन्शन बोर्ड. चार-पाच तास सतत करंट गेला की ढिली पिन तापते आणि प्लॅस्टिक पिवळं पडतं. पिवळं दिसलं की बोर्ड फेकून द्या.

मोटारीसाठी ७.२ किलोवॉटचा चार्जर लावायचा तर ३२ अँपिअर लागतात. वायर ६ चौ. मिमी, आणि महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो.

सायकल पुण्यात शक्य आहे का? घाम, पाऊस, खड्डे…

पाच-सहा किलोमीटरपर्यंत आहे. २५-३० मिनिटं लागतात, गर्दीच्या वेळी स्कूटरलाही फार कमी लागत नाहीत. घाम पाठीवरच्या सॅकमुळे येतो, मागे कॅरिअरला बॅग लावा. सीटची उंची अशी ठेवा की पेडल खाली असताना टाच टेकवली तर गुडघा सरळ होईल. बहुतेकांची सीट खूप खाली असते आणि गुडघे दुखले की सायकलला दोष. २६ इंची जाड टायरला ४५ पीएसआयच्या आसपास हवा ठेवा. मोटारसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर पंपावरच्या मशीनवर भरता येते, साध्या सायकलीच्या डनलॉप व्हॉल्व्हला ती चालत नाही. पावसात मडगार्ड हवाच. रिमवर घासणारा ब्रेक ओला झाला की उशिरा लागतो, म्हणून उतारावर आधीच हलका दाबून रिम पुसून घ्या. चेन दर आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसून थेंबथेंब तेल.

२०१७ चा सायकल आराखडा महापालिकेने मंजूर केला होता. पदपथावर लाल रंगाचे पट्टे आले, त्यावर पार्किंगही आलं.

ई-सायकलला लायसन्स लागतं का?

मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरला आपोआप तुटणारा आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल तर नाही. नोंदणीही नाही. दुकानदार ‘वायर तोडली की ४० पळते’ म्हणाला तर ते बेकायदा वाहन होतं आणि अपघातात विम्याचा दावा अडतो.

कोकणात रिफायनरी झाली तर आयात कमी होईल?

कच्च्या तेलाची नाही. रिफायनरी तेल गाळते, काढत नाही, आणि गाळण्याची क्षमता देशात आधीच खपापेक्षा जास्त आहे, म्हणून तर आपण डिझेल-पेट्रोल निर्यात करतो. नाणारचा ६ कोटी टनांचा प्रकल्प २०१९ मध्ये रद्द झाला, मग बारसूची जागा पुढे आली. एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या माती सर्वेक्षणाला गावकऱ्यांनी विरोध केला. रोजगार, आंबा-मासळी आणि कातळशिल्पं यावर वाद जरूर घालावा. ‘तेलस्वावलंबन’ हा मुद्दा त्यात घुसडू नये.

आणि ट्रक? सगळ्यात जास्त तेल तर तेच पितात.

बरोबर. पेट्रोलियम खपात डिझेलचा वाटा पाच हिश्श्यांत दोन आहे, आणि ते कमी करायचा मार्ग रेल्वे. मार्ग विद्युतीकरण झालेले आहेत, त्यामुळे मालगाडी डिझेल जाळत नाही. कोकण रेल्वेवर १९९९ पासून रो-रो सेवा आहे: भरलेले ट्रक कोलाडला वॅगनवर चढतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरतात. ट्रकवाल्याचं डिझेल, टायर आणि घाटातली रात्र वाचते. इतकी वर्षं झाली तरी ही सेवा अपवादासारखीच राहिली, याचं कारण चढवण्या-उतरवण्याची ठिकाणं मोजकी आहेत.

माझ्या थांब्याला शेड नाही, पदपथ तुटलाय. कुणाला सांगू?

बसच्या फेऱ्या आणि थांबा पीएमपीएमएलकडे, पदपथ महापालिकेच्या पथ विभागाकडे. तक्रार चुकीच्या दारात गेली की महिना जातो. तक्रारीत थांब्याचं पाटीवरचं नाव, कोणत्या दिशेचा थांबा, मार्ग क्रमांक आणि वेळ लिहा. ‘बस येत नाही’ असं लिहिलं तर ‘नोंद घेतली’ असं उत्तर येतं. ‘सकाळी ८.४० ची या मार्गाची फेरी सोमवार ते शुक्रवार आली नाही’ असं लिहिलं तर आगारातल्या नोंदीशी पडताळावं लागतं.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांनी कामं सुचवण्याची सोय २००६ पासून आहे. पाच लाखांपर्यंतचं काम सुचवता येतं: पदपथाचा तुकडा, झेब्रा, थांब्यावरचा बाक. अर्ज साधारण पावसाळ्याच्या शेवटी क्षेत्रीय कार्यालयात घेतात. अर्जाला जागेचा फोटो आणि पायी मोजलेली लांबी जोडा, आणि पोच घ्यायला विसरू नका.